इव्हेकोला आता तरी धड मालक मिळो

जुलै २०२५ मध्ये टाटा मोटर्सनी इव्हेको विकत घ्यायची ऑफर जाहीर केली, शेअरमागे १४.१ युरो, एकूण ३.८ अब्ज युरो, म्हणजे आपल्याकडचे ३८ हजार कोटींच्या आसपास. तेव्हा आमच्या पिंपरीत, जिथे जुनी मंडळी अजूनही टाटा मोटर्सला टेल्कोच म्हणतात, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता, ही इव्हेको कोण? पेपरात 'इटालियन ट्रक कंपनी' एवढंच छापून आलेलं. मला ते फारच अपुरं वाटलं कारण ही कंपनी नुसती इटालियन कधीच नव्हती, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

१ जानेवारी १९७५ ला इव्हेको जन्माला आली तीच पाच कंपन्या एकत्र करून. फियाटचा ट्रक विभाग, ब्रेशिया गावची ओएम आणि लान्चियाचा स्पेशल गाड्यांचा विभाग हे तीन इटलीचे, फ्रान्सची युनिक, आणि जर्मनीची मागिरुस-डॉइट्झ. ८० टक्के फियाटचे, २० टक्के डॉइट्झ इंजिनवाल्या जर्मन कंपनीचे, आणि त्या जर्मनांनीही थोड्याच वर्षांत अंग काढून घेतलं. तेलाचे भाव नुकतेच भडकलेले, समोर मर्सिडीजसारखा पहिलवान, त्यात एकेकट्याचा निभाव लागणं कठीण होतं म्हणून ही मोट बांधली. पण मोट बांधली म्हणजे पाच ठिकाणची डिझाईनं, पाच ठिकाणचे पार्ट, तीन भाषांतले इंजिनियर आणि प्रत्येकाला आपलंच इंजिन भारी वाटणार, हे सगळं एका ओळीत आणायला किती वर्षं गेली असतील विचार करा.

या पाचांत माझा जीव मागिरुसवर आहे. जर्मनीतल्या उल्म शहरात कॉनराड डीट्रिश मागिरुस म्हणून फायर ब्रिगेडचे प्रमुख होते, त्यांनी १८६४ मध्ये आग विझवायच्या सामानाची कंपनी काढली आणि त्यांच्या शिड्या जगभर गेल्या. उल्मच्या चर्चचा उंच मनोरा आहे ना, तो आणि एम अक्षर मिळून मागिरुसचा लोगो. पुढे डॉइट्झची एअर कूल्ड डिझेल इंजिनं या ट्रकांत बसली, म्हणजे रेडिएटर नाही, पाणी नाही, पंख्याची हवा थेट सिलेंडरवर. याचा खरा उपयोग सैबेरियात झाला. सोव्हिएत सरकारला बैकाल-अमूर रेल्वे बांधायची होती, तिथे थंडी अशी की पाण्याच्या इंजिनाला रात्री बंद करायचीसुद्धा भीती, गोठून ब्लॉकच फुटायचा, तर त्यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्याला मागिरुसकडून साडेनऊ हजारांच्या आसपास गाड्या घेतल्या, बऱ्याचशा भडक नारिंगी रंगाच्या. गोठायला पाणीच नाही तर फुटणार काय! यातल्या कित्येक पुढे वर्षानुवर्षं तिकडे चालत राहिल्या.

ऐंशीच्या दशकात इव्हेकोची खरेदी जोरात सुरू झाली आणि इथे आपला संबंध येतो, जो फार कमी लोकांना माहितीये. १९८६ मध्ये इव्हेकोने ब्रिटनमध्ये फोर्डबरोबर इव्हेको फोर्ड ट्रक कंपनी केली आणि फोर्ड कार्गो हा ट्रक त्यांच्या हाती आला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८७ ला, ब्रिटिश लेलँडचा अशोक लेलँडमधला हिस्सा हिंदुजांनी घेतला तो इव्हेकोला सोबत घेऊनच. मग नव्वदच्या दशकात अशोक लेलँड कार्गो म्हणून जो ट्रक आपल्या रस्त्यावर आला तो म्हणजे तीच फोर्डची केबिन आणि आत इव्हेकोचं इंजिन. तोवर आपल्याकडे चॅसिस घ्यायची आणि लाकडी केबिन बाहेर बांधून घ्यायची ही पद्धत, आणि इथे कंपनीतूनच आलेली पत्र्याची केबिन, अख्खी पुढे कलते, खाली इंजिन उघडं, मेकॅनिक उभ्या उभ्या काम करतोय. आपल्याकडच्या ड्रायव्हर लोकांना हे नवीनच होतं. २००७ मध्ये हिंदुजांनी इव्हेकोचा हिस्सा घेऊन टाकला आणि तो धागा तुटला. म्हणजे जी कंपनी वीस वर्षं टाटांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धकाची भागीदार होती तीच आता टाटा घेतायत.

तिकडे १९९० मध्ये स्पेनची सरकारी कंपनी एनासासुद्धा इव्हेकोने घेतली, म्हणजे पेगासो ट्रकवाली. पेगासो हे नाव काही वर्षांत गेलं पण माद्रिदचा कारखाना राहिला, आणि आज इव्हेकोचे मोठे ट्रक तिथेच बनतात. याची दुसरी बाजू उल्मला भोगावी लागली. २०१२ मध्ये उल्मची ट्रकची लाईन बंद करून काम माद्रिदला हलवलं, उल्मला फक्त आगीच्या गाड्या राहिल्या, आणि २०२५ च्या सुरुवातीला तो मागिरुसचा धंदासुद्धा म्युन्शेनच्या (म्युनिकच्या) एका गुंतवणूक कंपनीला देऊन टाकला. दीडशे वर्षांहून जुनं नाव, ताळेबंदात तोटा दिसला म्हणून बाहेर. मला हे मनापासून लागलं.

आणि खरी तक्रार माझी मालकांबद्दलच आहे. २०११ ला फियाटपासून तोडून फियाट इंडस्ट्रियलमध्ये टाकली, २०१३ ला ट्रॅक्टरवाल्या सीएनएचबरोबर जोडली, जानेवारी २०२२ ला परत वेगळी केली. मधे चीनच्या एफएडब्ल्यू या गाड्यांच्या कंपनीशी विक्रीची बोलणी चालू होती ती एप्रिल २०२१ मध्ये फिसकटली. या सगळ्या वेळात मोठा शेअरहोल्डर एकच, फियाटवाल्या आन्येल्ली घराण्याची गुंतवणूक कंपनी एक्झॉर. दहा-अकरा वर्षांत तीनदा या खिशातून त्या खिशात, आणि तेवढ्या काळात व्होल्वो, स्कॅनिया, डाफ हेवी ट्रकमध्ये पुढे निघून गेले. लांब पल्ल्याचा नवीन एस-वे आला तो २०१९ मध्ये, त्याच्या आधीचा स्ट्रालिस २००२ चा होता! मधे सुधारणा झाल्या हे खरं पण सतरा वर्षं एकाच नावावर गाडी ओढायची म्हणजे मालकाचं लक्ष दुसरीकडे आहे हे उघड दिसतं. डेली नावाचा छोटा ट्रक मात्र १९७८ पासून चाललाय आणि उत्तम चाललाय, खाली ट्रकसारखी चॅसिस असल्यामुळे कुठलीही बॉडी बसते आणि वजन सोसतो, युरोपात रुग्णवाहिकेपासून मिनीबसपर्यंत सगळीकडे दिसतो.

आता टाटांबद्दल. २००४ मध्ये त्यांनी कोरियाची देवू ट्रक घेतली ती नीट चालवली. पण स्पेनमधल्या झारागोझाची हिस्पानो कारोसेरा ही बस बॉडीवाली कंपनी २००९ ला पूर्ण घेतली आणि २०१३ ला बंद केली, कारण मंदीत स्पेनमध्ये बसची मागणीच आटली. इव्हेकोच्या युरोपातल्या कामगारांना ते आठवत असेल तर त्यांची भीती समजून घ्यायला पाहिजे. या वेळी टाटांनी कारखाने आणि नोकऱ्यांबद्दल दोन वर्षांची हमी दिलीये. ट्रकच्या धंद्यात दोन वर्षं म्हणजे एक नवीन केबिनसुद्धा डिझाईन होऊन लाईनवर येत नाही, त्यामुळे ही हमी मला तोकडी वाटते.

इव्हेकोचा संरक्षण विभाग या सौद्यात नाही, तो इटलीच्याच लिओनार्दो या संरक्षण कंपनीला १.७ अब्ज युरोला द्यायचं २०२५ मध्येच ठरलं. टाटांना जे मिळणार त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट माझ्या मते ट्रक नाहीच, एफपीटी आहे, म्हणजे इव्हेकोचा इंजिनाचा धंदा. फ्रान्समधल्या बूरबों-लान्सीत कर्सर इंजिनं बनतात, मोठ्या ट्रकची तीच, आणि न्यू हॉलंड, केससारखी ट्रॅक्टर-हार्वेस्टर मंडळीसुद्धा एफपीटीकडूनच इंजिनं घेतात. पिंपरीच्या इंजिनियरांना तिथे जाऊन बसायला मिळालं, आणि इव्हेकोचे तूरिनचे इंजिनियर इथे येऊन आपल्या घाटातला ओव्हरलोड ट्रक स्वतः बघून गेले, तर दोन्हीकडे फायदा आहे. पहिल्या दोन वर्षांत मी एकच गोष्ट बघणार, एफपीटीच्या रिसर्चचं बजेट वाढतं की कापलं जातं.