तुम्ही विचारलंत म्हणून: पिकअपची चासी का, आणि मडगार्ड का नाहीत?

मी ओहायोत राहतो आणि माझ्याकडे फोर्डची १९३० ची चार दारांची मॉडेल ए आहे, म्हणजे वरची बॉडी १९३० ची, खाली मात्र १९९१ च्या शेवरले एस-१० पिकअपची चासी, इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक सगळं. मडगार्ड नाहीत, चारही चाकं उघडी. ही गाडी मंडळाच्या कार्यक्रमाला नेली किंवा घरच्यांनी व्हिडिओ कॉलवर बघितली की प्रश्न ठरलेले, जुन्या गाडीला तिची स्वतःची चासी होती ना मग पिकअपची कशाला, आणि मडगार्ड का काढले. इथले जुनेजाणते हौशीही हेच विचारतात, फक्त त्यांच्या आवाजात नाराजी असते, की फोर्डखाली शेवरले, तीही पिकअप, ही कसली हॉट रॉड. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो. हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी हलकी करून, दमदार इंजिन घालून वेगासाठी बदललेली गाडी. माझ्या मते ही पक्की हॉट रॉड आहे, आणि खिशात पैसे मोजके असतील तर यापेक्षा शहाणपणाचा रस्ता नाही.

मुळात हॉट रॉड जन्मालाच आली ती भंगारातून. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं म्युरॉकसारख्या सुकलेल्या तळ्यांवर जायची, मैलोनमैल सपाट टणक जमीन, तिथे घरच्या जुन्या फोर्डचे मडगार्ड, दिवे, काच सगळं उतरवून ठेवायची, वजन कमी होतं आणि वारा कमी अडतो म्हणून, आणि मग जीव खाऊन पळवायची. १९३७ साली तिथल्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, ती आजही चालू आहे. मॉडेल एचं इंजिन ४० हॉर्सपॉवरचं, फोर्डने १९३२ ला व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन आणलं ते ६५ चं, मग ठोकलेल्या गाडीतून व्ही-एट काढायचं आणि मॉडेल एमध्ये बसवायचं. ब्रेकचंही तेच, फोर्डने १९३८ पर्यंत मेकॅनिकल ब्रेकच दिले, हायड्रॉलिक आले १९३९ ला, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या प्रत्येक शहाण्या पोराने १९३९ किंवा पुढच्या गाडीचे ब्रेक शोधून आपल्या जुन्या गाडीला लावले. नव्या गाडीचे चांगले भाग स्वस्तात उचलायचे आणि जुन्या हलक्या बॉडीखाली घालायचे, हीच तर परंपरा आहे. त्यांनी १९३९ चे ब्रेक घेतले, मी १९९१ चे घेतले.

आता पैशाचं बघा. मॉडेल एची मूळ चासी म्हणजे पातळ सी चॅनल, इंग्रजी C सारखा एका बाजूने उघडा पत्रा, पुढे सरळ दांड्याचा ऍक्सल आणि त्यावर एकच आडवा पाटा. चाळीस हॉर्सपॉवरला ठीक, पण आजच्या ट्रॅफिकमध्ये आजच्या इंजिनाला ती पुरी पडत नाही, मग ती बॉक्स करा, म्हणजे उघडी बाजू पट्टी वेल्ड करून बंद करा, नवा ऍक्सल घ्या, डिस्क ब्रेक किट घ्या, स्टिअरिंग बॉक्स, शॉक, मागचा ऍक्सल, प्रत्येक गोष्ट वेगळी विकत. बाजारात तयार रोलिंग चासी, म्हणजे ऍक्सल आणि सस्पेन्शन लावलेल्या चासी, मिळतात पण त्या सहज दहा हजार डॉलरच्या वर जातात. उलट एस-१० पिकअप भंगाराच्या भावात मिळते आणि तिच्यात हे सगळं एकमेकांशी जुळलेलं येतं, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र वरखाली होणारं), डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, मागे ड्रम, लीफचे पाटे, आणि इंजिनिअर लोकांनी एकत्र बसून ठरवलेली भूमिती. मी तर म्हणेन हे शेवटचंच सगळ्यात मोलाचं आहे, कारण घरी बसून स्टिअरिंगची भूमिती बरोबर आणणं हे फार थोड्यांना जमतं. पिंपरीहून निघालेल्या नुसत्या चासी हायवेने पळवत नेणारे तोंडाला फडकं बांधलेले ड्रायव्हर आपण सगळ्यांनीच पाहिलेत, ही पिकअपही बॉडी उतरवल्यावर तशीच स्वतःच्या ताकदीवर उभी असते. आणि उतरवलेले दरवाजे, बोनेट, मागचा हौदा विकून बरेच पैसे परत येतात हा वेगळा फायदा.

इंजिन मी आहे तेच ठेवलं, ४.३ लिटरचं व्ही-सिक्स. एस-१० मध्ये हे १९८८ पासून आलं, आणि हे म्हणजे शेवरलेच्या प्रसिद्ध ३५० व्ही-एटचे दोन सिलिंडर कमी केलेलं इंजिन, हलक्या गाडीला भरपूर होतं. लोकांना व्ही-एटचा मोह असतो, मी समजू शकतो, पण बजेट कमी असताना चालू इंजिन उपसून बाजूला ठेवणं मला पटत नाही.

मडगार्डचं उत्तर लोकांना वाटतं की दिसण्यासाठी. दिसतंच छान, पण खरं कारण मापात आहे. मॉडेल एचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, १०३.५ इंच, एस-१० च्या छोट्या हौद्याच्या पिकअपचा १०८.३. म्हणजे जवळजवळ पाच इंचांचा फरक. मडगार्ड ठेवले की चाक मडगार्डच्या बरोब्बर मध्यात यायला हवं, एक इंच इकडेतिकडे झालं तरी गाडी वाकडी दिसते, मग चासी कापून पाच इंच कमी करणं आलं. मडगार्ड नसले की पुढचं चाक थोडं पुढे गेलेलं उलट रुबाबदार दिसतं आणि चाक मागे घ्यायला चासी कापून आखूड करायची गरज पडत नाही. रुंदीचं नशीब तर तयारच आहे, मॉडेल एच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ५६ इंच आणि एस-१० चं त्याच्या अगदी जवळपास, त्यामुळे चाकं बॉडीच्या बाहेर विचित्र लोंबत नाहीत.

पण याची किंमतही आहे आणि ती कोणी सांगत नाही. मडगार्ड गेले की खालचं सगळं उघडं पडतं. मॉडेल एचं नाक निमुळतं, आणि एस-१० ची चासी पुढे रुंद, कॉइल स्प्रिंगचे घर, कंट्रोल आर्म (चाकाला चासीशी जोडणारे हात), स्टिअरिंग बॉक्स सगळं बोनेटच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. नुसती बॉडी ठेवून बोल्ट आवळले तर ती पिकअपवर ठेवलेली खोकी दिसते, आणि बहुतेक स्वस्तातल्या गाड्या इथेच मार खातात. म्हणून माझी सगळी मेहनत बॉडी खाली आणण्यात आणि पुढचा भाग स्वच्छ करण्यात गेली. बंपरसाठी पुढे आलेली शिंगं कापली, बिनकामाचा प्रत्येक ब्रॅकेट ग्राइंडरने उतरवला, भोकं भरली. क्रॉस मेंबर (चासीचा आडवा तुळईसारखा भाग) आणि आर्मच्या जागा मात्र कंपनीने दिल्या तशा, त्याला मी कोणाला हात लावू देत नाही. मागे ऍक्सल पाट्यांच्या खालून काढून पाट्यांवर घेतला की गाडी एकदम खाली बसते. पुढचे स्प्रिंग पिकअपचा जड पत्रा उचलायला केलेले, त्यामुळे हलक्या बॉडीखाली नाक वर राहतं, मग स्प्रिंगचा थोडा वेढा कापावा लागतो, आणि तो कटिंग डिस्कने, गॅसने कधीच नाही, तापला की पोलादाचं पाणी उतरतं.

बॉडीबद्दल थोडं जास्त सांगतो कारण मला त्यात सगळ्यात जास्त मजा आली. चार दारांची बॉडी घ्या, दोन दारांच्या कूपे आणि उघड्या रोडस्टरवर सगळ्यांच्या उड्या पडतात आणि चार दारांची त्याच्या कितीतरी खाली मिळते. या बॉडीत आतून लाकूड असतं, नव्वद वर्षांनी ते लाकूड राहत नाही, दाराच्या खांबात बोट घातलं की तपकिरी भुसा गळतो आणि त्यात पत्रा धरणारे गंजलेले खिळे सापडतात. ते सगळं काढून आत चौकोनी पाइपाचा सांगाडा घालायचा. पण आधी दारं लावून, बंद करून, फटी सारख्या करून, आत आडवेतिडवे पाइप वेल्ड करून बॉडी जखडायची आणि मगच खालचं काही कापायचं. दाराची फट वरपासून खालपर्यंत एक सूतसुद्धा कमीजास्त झाली तर डोळ्याला लगेच टोचते. अजून एक, मॉडेल एची पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या जागीच असते, चालवणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर. ती रिकामी, नुसती दाखवायला ठेवा, खरी टाकी मागे चासीत.

ब्रेकमध्ये एक गोष्ट लोक विसरतात. पिकअपचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं ऑइल ढकलणारा भाग, उंच, इंजिन आणि केबिनमधल्या फायरवॉलवर असतो, हॉट रॉडमध्ये जागा नसते म्हणून तो पायाखाली, चासीला लावतात. आता तो चाकावरच्या कॅलिपरपेक्षा (डिस्क पकडणारा भाग) खाली गेला की ऑइल हळूहळू मागे उतरतं आणि पहिल्या पायाला पेडल पोकळ लागतं. त्यासाठी लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारे रेसिड्युअल व्हॉल्व्ह घालायचे, डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा, ड्रमच्या लाइनला १० चा. थोडक्या पैशांची वस्तू आहे पण याच्याशिवाय गाडी गल्लीतही काढू नका.

चासीत कुठे जोड द्यायची वेळ आलीच तर सरळ उभा काप नको, तिरका किंवा पायरीचा घ्या, वरून पट्टी वेल्ड करा, आधी चहूबाजूंनी नुसते टाके मारा, दोन्ही कर्ण मोजा, मग थोडं थोडं वेल्ड करत परत मोजा. आणि हातात ती सफाई नसेल तर चासीचं वेल्डिंग एखाद्या सर्टिफाइड वेल्डरकडून करून घ्या, यात कमीपणा काही नाही, या चासीवर तुमची माणसं बसणार आहेत.

कागद. ओहायोत अशी गाडी सेल्फ असेंबल्ड म्हणून हायवे पेट्रोलकडून तपासून घ्यावी लागते, तेव्हा बॉडीचं टायटल (मालकीचा कागद), पिकअपचं टायटल आणि प्रत्येक मोठ्या पार्टची पावती लागते, म्हणून पहिल्या दिवसापासून फाइल करा. मडगार्डचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत, काही ठिकाणी उघडं चाक चालतच नाही, ते आधी वाचा मग कापा. पावसात टायर पाणी आणि खडे सरळ वर फेकतात हेही लक्षात ठेवा, मी ढग बघूनच बाहेर काढतो.

भारतातल्या मुलांचा शेवटचा प्रश्न असतो, काका हे आपल्याकडे करता येईल का. रस्त्यावर चालवायला, नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर गाडी बदलता येणार नाही. एखाद्या जुन्या जीपचं किंवा फियाटचं मूळ रूपात रिस्टोरेशन मात्र करा, पत्रा, वेल्डिंग, ब्रेक सगळं त्यातही शिकायला मिळतं. आणि इकडे अमेरिकेत जे सुरू करणार असतील त्यांनी पिकअप बघायला जाताना हातोडी घेऊन जा. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्याने चासी आतून खाल्लेली असते, मागच्या चाकांच्या वरच्या वळणावर आणि पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी ठोकून बघा, खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर कितीही स्वस्त असली तरी सोडा, दक्षिणेकडच्या राज्यातली शोधा. आणि खोलायच्या आधी ती चालवून बघा, ब्रेक मारून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून, गिअर सगळे टाकून. मापं, फोटो काही हवं असेल तर विचारा, माझ्याकडे सगळं लिहून ठेवलेलं आहे.