ट्रॉम्बेचे कोळशाचे संच आणि माझी लेखी हरकत

विजेचे दर ठरवणाऱ्या महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे साधा ग्राहक स्वतः उभा राहून बोलू शकतो, हे आमच्या चेंबूर-माहुल भागात फार थोड्यांना ठाऊक आहे. मी त्या वाटेनं गेले. पुढच्या वेळी आणखी लोकांनी जावं असं मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुद्दा काय होता ते सांगते. टाटा पॉवरच्या ट्रॉम्बे औष्णिक केंद्रात कोळशावरचे दोन संच (वीज तयार करणारी यंत्रं) आहेत. पाच नंबरचा संच ५०० मेगावॉटचा, १९८४ पासूनचा. आठ नंबरचा २५० मेगावॉटचा, २००९ चा. सात नंबरचा १८० मेगावॉटचा संच गॅसवर चालतो. कोळसा इंडोनेशियातून जहाजानं येतो आणि बार्जमधून जेट्टीवर उतरतो. इथली वीज बेस्टच्या आणि टाटा पॉवरच्या ग्राहकांना जाते. त्या वीजखरेदीचा करार मार्च २०२४ पर्यंत होता. चाळिशी गाठलेला संच आता थांबेल, अशी आमच्याकडे बऱ्याच जणांची समजूत होती. करार मार्च २०२९ पर्यंत वाढला.

यावरून आमच्या सोसायटीत चांगलीच वादावादी झाली. मी बंद करण्याच्या बाजूची. आमच्या खिडकीच्या जाळीवर आणि कुंडीतल्या तुळशीच्या पानांवर काळपट, किंचित तेलकट थर बसतो. सकाळी पुसलेली जाळी संध्याकाळी बोटाला लागते. हा थर एकट्या कोळशाचा नाही. शेजारी दोन रिफायनऱ्या आहेत, खत कारखाना आहे, रात्रंदिवस टँकरची ये-जा आहे. पण इतके सगळे एकाच परिसरात असताना त्यातला एक तरी कमी व्हावा, ही अपेक्षा चूक नाही. उलट दाटीमुळे तिला जास्त वजन आहे.

समोर होते तळमजल्यावरचे काका. सबस्टेशनवर आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्यांचं बोलणं वाऱ्यावर सोडता येत नाही. त्यांनी १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार काढला. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, कोविडचे रुग्ण असलेली रुग्णालयं जनरेटरवर आली. मुंबईला ‘आयलँडिंग’ची सोय आहे. बाहेरची ग्रिड कोसळली की शहर तिच्यापासून तोडायचं आणि शहरातल्या केंद्रांवर चालवायचं. १९८१ पासूनची ही योजना, आणि त्या दिवशी ती टिकली नाही. काका म्हणाले, “अगं, शहरात स्वतःची वीजच ठेवली नाही तर बेट करणार कशाचं? खोपोली, भिवपुरी, भिऱ्याची जलविद्युत एकटी पुरणार आहे का?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून वाचायला बसले. मग कळलं की प्रश्नाचं निम्मं उत्तर तारांमध्ये आहे. मुंबईची कमाल मागणी चार हजार मेगावॉटच्या वर जाते. बाहेर वीज स्वस्त मिळत असली तरी ती शहरात आणायला वाहिन्या पुरत नव्हत्या. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी दशकभर रखडून ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि हजारएक मेगावॉट जास्त वीज आत आणण्याची सोय झाली. कुडूस ते आरे ही ८० किलोमीटरची, आणखी हजार मेगावॉटची वाहिनी तेव्हा उभी राहत होती. म्हणजे संच चालू ठेवायचा की नाही, हा वाद खरं तर ‘कोणती वाहिनी कधी पूर्ण होणार आणि ती झाल्यावर कोणता संच कधी थांबणार’ या वेळापत्रकाचा आहे. तेच कुणी मांडत नव्हतं.

माझं मत पक्कं झालं ते माहुलच्या बाजारात. आमच्या नेहमीच्या कोळीण मावशींना मी उत्साहानं सांगायला गेले की आपण हरकत घेणार आहोत. जवळा मापता मापता त्या म्हणाल्या, “बंद करा नायतर चालू ठेवा, पन तारीख सांगा. माझा पोरगा खाडीवर जाल टाकत राहील का दुसरा काय शिकंल, ते मला आज ठरवायचं हाय. ‘बगू’ म्हनून आमची दोन पिढ्या गेली.” माझ्या हरकतीचा पहिला परिच्छेद त्यांनी सांगितला, मी फक्त लिहून काढला.

आता प्रक्रियेचं. २०२५-२६ ते २०२९-३० या पाच वर्षांचे दर ठरवण्यासाठी कंपन्यांनी आयोगाकडे याचिका दाखल केल्या. त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. बारीक अक्षर, आकड्यांचे तक्ते, लोक पान उलटतात. त्यात शेवटी तीन गोष्टी असतात त्याच महत्त्वाच्या: हरकत पाठवायची शेवटची तारीख, कुठे पाठवायची आणि सुनावणी कधी. मूळ याचिका इंग्रजीत आणि भली जाडजूड, पण मराठी सारांशही असतो. मी सारांशापासून सुरुवात केली आणि जिथे आकडा खटकला तिथेच मूळ याचिका उघडली. सगळी वाचायला बसलात तर मुदत निघून जाईल.

मी हिशेबखात्यात काम करते, त्यामुळे एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली, आणि ती प्रत्येक ग्राहकाला समजायला हवी. वीजकेंद्राच्या दराचे दोन भाग असतात. एक स्थिर आकार: भांडवल, घसारा, कर्जाचं व्याज, देखभाल, नफा. दुसरा ऊर्जा आकार: मुख्यतः इंधन. संच जुना झाला की कर्ज फिटलेलं असतं आणि घसारा वसूल झालेला असतो. त्यामुळे स्थिर आकार खाली येतो आणि कागदावर जुना संच स्वस्त दिसायला लागतो. मुदतवाढीचं सगळ्यात मोठं आर्थिक कारण हे. पण कोळसा आयातीचा असेल तर ऊर्जा आकार परदेशी बाजारावर आणि डॉलरवर हलतो, आणि ती वाढ इंधन समायोजनातून आपल्या बिलात येते. शेजारच्यांची औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या यांना मात्र या दोन्ही भागांत रकाना नाही. ही माणसं हिशेबाबाहेरच राहतात, आणि मला हे सहन होत नाही.

हरकत मी मराठीतच लिहिली. मराठी चालते, इंग्रजीचा बाऊ करू नका. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक, आणि ‘मला प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं आहे’ हे वाक्य स्पष्ट लिहायचं. आयोगाच्या संकेतस्थळावर नोंदवायची, याचिका करणाऱ्या कंपनीलाही प्रत द्यायची आणि पोच जपून ठेवायची. माझा पहिला खर्डा भावनेनं भरलेला होता. काकांनी वाचला आणि शांतपणे म्हणाले, “यातलं आयोग काय देऊ शकतो तेवढं ठेव.” विरोधी बाजूचा माणूस आपला कागद सुधारून देतो, हे मला फार मोलाचं वाटलं. त्यांच्यासोबत बसून मागण्या चारवर आणल्या. पाच नंबर संच थांबवण्याची तारीख वाहिन्यांच्या कामाशी बांधून आत्ताच लिहावी. तोवर संच आयलँडिंग आणि कमाल मागणीच्या वेळेपुरता वापरावा. धुराड्यातल्या उत्सर्जनाचे चालू आकडे मराठीत, माहुल आणि वाशीनाक्याला दिसतील असे लावावेत. कंत्राटी कामगारांसकट सगळ्यांच्या पुढच्या कामाची योजना तारखेसोबत जाहीर करावी. चौथी मागणी काकांची. ती माझ्या यादीत असायलाच हवी होती, असं ते म्हणाले आणि ते खरं आहे.

तिसऱ्या मागणीसाठी मी डहाणूचा दाखला जोडला. तिथलं ५०० मेगावॉटचं केंद्र मुंबईच्या उपनगरांसाठीच उभं राहिलं. पण डहाणू तालुका १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित झाला होता आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये तिथे संरक्षण प्राधिकरण बसलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. धुरातलं गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवा, असं त्या प्राधिकरणानं १९९९ मध्ये सांगितलं आणि पाठपुरावा करून ती २००७ मध्ये सुरू करायला लावली. देशभरच्या केंद्रांसाठी गंधकाची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये आली आणि तिची मुदत पुढे पुढे ढकलली गेली. ट्रॉम्बेतही समुद्राच्या पाण्यानं धूर धुण्याची यंत्रणा आहे, ते मी हरकतीत स्पष्ट लिहिलं. माझं मागणं यंत्रापेक्षा माणसांचं होतं: चिकूवाल्यांना आणि मच्छीमारांना जाऊन ऐकवता येईल अशी जागा डहाणूला मिळाली, तशी माहुलला हवी.

कंपनीचं उत्तर लेखी येतं आणि ते नीट वाचायचं असतं, कारण सुनावणीत त्यावरच बोलायला मिळतं. सुनावणी ऑनलाइन होती. आपलं नाव पुकारेपर्यंत ताटकळावं लागतं, पण तो वेळ वाया जात नाही. माझ्या आधी एका लघुउद्योजकानं दराबद्दल बोलून घेतलं, कुणी मीटरच्या तक्रारी मांडल्या, एकानं डेटा सेंटरचा विषय काढला. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी निम्म्याच्या आसपास मुंबई परिसरात आहे. ही नवी मागणी कोणाच्या फुप्फुसांवर भागवायची, हा त्यांचा प्रश्न मला माझ्या मुद्द्यांपेक्षाही धारदार वाटला.

माझी पाळी आली तेव्हा हातात एकच कागद ठेवला होता. ‘मी माहुलच्या शेजारी राहते’ एवढं सांगून थेट पहिल्या मागणीवर आले. बोलायला थोडीच मिनिटं मिळतात, त्यात प्रास्ताविक, आभार, कविता करू नये. मध्येच आयोगाकडून विचारणा झाली की पर्यावरणाचा विषय दर ठरवण्यात कसा बसतो. याची तयारी काकांनी करून घेतली होती. मी म्हटलं, संच थांबण्याची तारीख माहीत नसेल तर त्याच्या दुरुस्तीवर किती भांडवल घालणं योग्य, हे ठरवता येत नाही. आणि ते भांडवल माझ्या बिलातून वसूल होणार आहे, म्हणून हा दराचाच प्रश्न आहे. हे वाक्य नोंदलं गेलं. पुढच्यांनी हाच धागा पकडावा असं मी आवर्जून सांगेन. निव्वळ प्रदूषणाची तक्रार असेल तर ती प्रदूषण नियंत्रण मंडळाची वाट धरते.

मार्च २०२५ च्या अखेरीस आदेश आले. अशा आदेशात आधी ग्राहकांच्या हरकती, मग कंपनीचं उत्तर, मग आयोगाचं मत अशी मांडणी असते. आपलं म्हणणं तिथे छापलेलं असतं आणि पुढच्या प्रत्येक प्रकरणात त्याचा हवाला देता येतो. दर ठरले. संच कधी थांबणार, हा त्या आदेशाचा विषयच नव्हता. त्यामुळे तारीख अजून कुठल्याच कागदावर नाही.

म्हणून काम थांबवलेलं नाही. मधल्या काळात दरांचा मध्यावधी आढावा होतो, त्याच्या याचिकेतही भांडवली खर्चाचे तक्ते असतात. तिथे पाच नंबर संचावरच्या दुरुस्तीची नोंद शोधायची आणि तिच्यासमोर एकच प्रश्न ठेवायचा: हा खर्च २०२९ पर्यंतचा धरून मागता आहात की त्यापुढचा? काकांनी आणि मी मिळून हरकतीचा मराठी नमुना केला आहे. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक रिकामे ठेवलेत. वाशीनाका, गव्हाणपाडा, आरसीएफ कॉलनी, माहुल गाव इथल्या मंडळांना आम्ही तो देत आहोत. मावशींच्या मुलानं कोळीवाड्यातून सह्या गोळा करायचं अंगावर घेतलंय, आणि पुढच्या सुनावणीत खाडीचा मुद्दा तो स्वतः मांडणार आहे.