हद्दीबाहेरचा धूर आणि मुंबईचा कार्बन-हिशेब

मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, म्हणजे देशाने ठरवलेल्या २०७० च्याही वीस वर्षे आधी, हे त्याचे उद्दिष्ट स्वागतार्हच आहे. परंतु इमारतीत माणसे राहू लागल्यावर दिवे, पंखे आणि वातानुकूलन यांना लागणाऱ्या विजेचा हिशेब शहर आपल्या खात्यावर मांडते, तसा भिंतीतली वीट भाजताना झालेल्या धुराचा मांडत नाही, कारण ती भट्टी हद्दीबाहेर असते.

वाडा, शहापूर, भिवंडीकडच्या पारंपरिक भट्टीला धुराडेच नसते. कच्च्या विटा रचायच्या, थरांमध्ये कोळशाची भुकटी आणि भाताचे तूस भरायचे, बाहेरून लिंपायचे आणि कित्येक दिवस धुमसू द्यायचे. उष्णतेचा मोठा भाग चहूबाजूंनी निघून जातो, कडेच्या विटा कच्च्या राहतात, मधल्या काही जास्त भाजून खंगर होतात. आणि धूर जमिनीलगतच पसरत असल्याने तो सर्वांत आधी पोहोचतो तो उचल (आगाऊ मजुरी) घेऊन दिवाळीनंतर आलेल्या आणि पावसाच्या तोंडावर परतणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या भट्टीशेजारच्या झोपड्यांत.

केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने झिगझॅग किंवा उभ्या शाफ्टच्या (उभ्या पोकळीतून विटा वरून खाली सरकत भाजणाऱ्या) भट्ट्यांकडे वळण्याचे अथवा नळाने येणारा नैसर्गिक वायू वापरण्याचे बंधन घातले आणि धूलिकणांची मर्यादा घनमीटरला २५० मिलिग्रॅम ठरवली. झिगझॅग भट्टीत तप्त वायू नागमोडी वाटेने पुढच्या कच्च्या विटा तापवत जातो, त्यामुळे कोळसा वाचतो. मात्र हा नियम उत्तरेतल्या धुराड्याच्या मोठ्या भट्ट्या डोळ्यांसमोर ठेवून केल्यासारखा वाटतो. हंगामापुरत्या शेतात रचलेल्या भट्टीचे धूलिकण कोठे आणि कसे मोजणार?

न भाजता बनणाऱ्या राखेच्या विटा आणि उंच इमारतींत रुळलेले एएसी ब्लॉक (वाफेच्या दाबाखाली घट्ट केलेले हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) हे पर्याय खरे आहेत. त्यांनाही सिमेंट आणि चुना लागतो, शिवाय ती राख कोळशाच्याच वीजकेंद्रांतून येते, याकडे सहसा काणाडोळा होतो.

माझ्या मते खरी मेख पुनर्विकासात आहे. दुरुस्तीने आणखी काही दशके टिकू शकणारी इमारत केवळ वाढीव चटईक्षेत्रासाठी पाडली जाते, तेव्हा तिच्यासाठी पूर्वी जाळलेले इंधन मातीमोल होते आणि तिच्या जागी येणाऱ्या टोलेजंग इमारतीसाठी त्याहून कितीतरी अधिक जाळावे लागते. बांधकाम परवानगीच्या अर्जासोबतच बांधकामाचे साहित्य बनवताना होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा तक्ता मागितला, तर दुरुस्ती आणि पाडकाम यांची तुलना निदान कागदावर तरी करावी लागेल.