मागे कुणीच नव्हतं

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या क्लिनिकमध्ये बसायला जागा नसते. नऊ नोरते, म्हणजे नवरात्राच्या नऊ रात्री, गरबा खेळलेले बडोद्याचे गुडघे, घोटे आणि कंबरा त्या एका सकाळी रावपुऱ्यातला आमचा जिना चढून येतात. बहुतेकांना विश्रांती आणि थोडा व्यायाम पुरतो. काकूंचा नंबर अकरावा होता. वय 61. मुलाचा हात धरून, उजवं पाऊल बाहेर वळवून टाकत आत आल्या.

"पाचव्या नोरत्याला पोटरी भरली गं. मागून कुणीतरी सणसणीत लाथ मारली असं वाटलं. वळून बघितलं तर मागे कुणीच नाही!"

मी पेन खाली ठेवला. अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी बांधणारा जाड दोर, तुटतो तेव्हा पेशंट जवळजवळ याच शब्दांत सांगतो. कुणी लाथ म्हणतं, कुणी दगड लागला म्हणतं.

त्याच रात्री त्यांना दवाखान्यात नेलं होतं. एक्स-रे निघाला, हाड शाबूत, कागदावर 'स्नायू ताणला', क्रेप बँडेज आणि वेदनाशामक गोळ्या. मग ओळखीतल्या एकांनी रोज दोन वेळा तेल लावून पोटरी रगडली. सुजलेली पोटरी न तपासता रगडणं मला भयंकर वाटतं. आत रक्ताची गाठ असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. काकूंच्या बाबतीत ते झालं नाही, एवढंच.

त्यांना टेबलावर पालथं झोपवलं, पावलं काठाबाहेर लोंबती ठेवली. डावी पोटरी मुठीत धरून दाबली, डावं पाऊल टुणकन खाली वाकलं. उजवी दाबली, पाऊल हललंच नाही. पुन्हा दाबली. तसंच. टाचेच्या वर चार बोटांवर अंगठा फिरवला तर सुजेखाली खळगा लागला, जिथे घट्ट दोर लागायला हवा तिथे. या भागाला रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यामुळे टेंडन बहुधा इथेच तुटतो. तरी माणूस चालतो, पाऊल थोडं खाली दाबूनही दाखवतो, कारण बोटांकडे जाणारे खोलवरचे स्नायू तेवढं काम उचलतात. तिथेच तपासणारा फसतो. पण पोटरी दाबून बघायला दहा सेकंद लागतात. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. रात्रीच्या ड्युटीवर माणसाची दमछाक होते हे मला कळतं, तरी राग येतो.

मग मी विचारलं, "काकू, गेल्या दोन महिन्यांत औषधं कुठली घेतलीत?" मुलाने पिशवीतून चिठ्ठ्या काढल्या. गणपतीत लघवीचं इन्फेक्शन झालं होतं, त्यासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक. दम्याचा खोकला उसळला म्हणून त्याच सुमारास प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीच्या अँटिबायोटिकने टेंडन दुखावतो, कधी तुटतो. साठीच्या पुढे आणि सोबत स्टेरॉइड असेल तर धोका आणखी वाढतो, आणि गोळ्या संपल्यावरही काही महिने राहतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्येच यावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. टेंडन दुखू लागला की औषध थांबवून डॉक्टरांना गाठायचं आणि व्यायाम बंद करायचा, असं त्यात आहे.

व्यायाम बंद करायचा. आणि तो व्यायाम त्यांना मीच दिला होता.

श्रावणात आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये मी गरब्याची तयारी घेते. गरबा म्हणजे अनवाणी, चवड्यांवर, तासन्‌तास उड्या आणि गिरक्या. आधी दोन मिनिटं पाय ताणले की झालं, असं सांगणारे आमच्याच धंद्यात पुष्कळ आहेत. नुसतं ताणून दुखापत टळते याला फारसा आधार नाही. टेंडनला वजन पेलायची सवय लावावी लागते, आणि स्नायूपेक्षा तो सावकाश तयार होतो, म्हणून दोन महिने आधीपासून. पायरीच्या काठावर चवडे, तीन मोजत टाचा वर, तीन मोजत खाली, पंधरा-पंधराचे तीन फेरे. पुढे पाठीला सॅक, त्यात दोन किलो तांदूळ. प्रा. माणिकरावांच्या आखाड्याच्या शेजारी वाढलेल्या काकू एक दिवस चुकवणाऱ्या नव्हत्या.

पितृपंधरवड्यात त्यांचा मेसेज आला होता: टाचेच्या वर दुखतंय, सकाळी पाऊल टेकवत नाही. मी दोन पेशंटच्या मधे व्हॉइस मेसेज पाठवला. फेरे निम्मे करा, बर्फ लावा, नवीन व्यायामाने असं होतं. काकू क्लिनिकमध्ये आल्या त्या रात्री घरी बसून तो पुन्हा ऐकला. 42 सेकंद. त्यात मी एकही प्रश्न विचारलेला नाही. श्रावणातल्या फॉर्ममध्ये साखर, बीपी, गुडघे सगळं विचारलं होतं, पण तेव्हा या गोळ्या सुरूच झाल्या नव्हत्या. विचारायची वेळ ती होती, त्या मेसेजची. व्यायाम थांबवला असता तर टेंडन वाचला असता का, हे कुणालाच सांगता येणार नाही. काकूंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मीच कुठे बोलले गोळ्यांचं? गोळीचा आणि टाचेचा काय संबंध, मला वाटलं." संबंध मला माहीत होता.

सोनोग्राफीत टोकं लांब गेलेली दिसली, त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. मग बूट, टाचेखाली पाचरी, एकेक काढत नेलेल्या.

उत्तरायणच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या, आदल्या दिवशी काकूंनी विचारलं, "गच्चीवर जाऊ का गं? कठडा धरून जाईन." मी त्यांना ओट्याला धरून उभं केलं, उजव्या टाचेखाली चिठ्ठीचा कागद सरकवला आणि म्हटलं, दोन्ही टाचा उचला. डावी वर गेली. उजवी थरथरत राहिली. मी कागदाचं टोक धरून हळूच ओढलं. तिसऱ्या खेपेला तो निघून आला.