टेलिस्कोप पीक, तेही हिवाळ्यात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या डेथ व्हॅलीत बर्फ कुठला, आणि टेलिस्कोप पीकची वाट जूनमध्ये मोकळी मिळत असताना तुम्ही ऐन हिवाळ्यात का जाता, असं मला बरेचजण विचारतात.

बर्फाचं उत्तर उंचीत आहे. जिथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश तापमान नोंदलं गेलं, त्याच दरीच्या काठावर पॅनामिंट रांगेतलं हे ३,३६८ मीटरचं शिखर उभं आहे. दरीतला सगळ्यात खोल भाग म्हणजे बॅडवॉटर, त्याचा तळ समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात असं धरलं, तर तळ आणि माथा यांच्यात वीस-बावीस अंशांचा फरक पडतो.

आणि हिवाळाच का? हे वाळवंट का झालं, ते तेव्हाच नजरेला पडतं म्हणून. पॅसिफिकवरून आलेले ढग पश्चिमेच्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेवर चढताना थंड होतात आणि बहुतेक पाणी तिथेच टाकतात. उरलंसुरलं मधल्या रांगा आणि पॅनामिंट काढून घेतात. दरीला जवळजवळ काहीच मिळत नाही. माथ्यावरून पश्चिमेला माउंट व्हिटनी या शिखरासकट अख्खी पांढरी सिएरा दिसते, पायाखाली बर्फ असतो, आणि पूर्वेला खोल खाली बॅडवॉटरचं मैदान. तेही पांढरंच, पण मिठाचं. हा हिशोब उन्हाळ्यात असा मांडलेला दिसत नाही.

चढाई मात्र हलक्यात घेऊ नका. एरवी पायवाट जिथून सुरू होते त्या महॉगनी फ्लॅटपासून माथा अकरा किलोमीटर. हिवाळ्यात गाडी बऱ्याचदा खालीच, १८७७च्या दहा कोळसाभट्ट्यांपाशी थांबते आणि पुढचा घाटही पायीच चढावा लागतो. दिवस लहान, त्यात वाट शेजारच्या रॉजर्स पीकच्या अंगावरून आडवी जाते. सकाळी तिथला बर्फ कडक असतो, पाय सुटला तर थांबायला काही नाही. क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी दात) आणि आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) हवेतच, आणि ते वापरायचा सरावही. धारेवर वेगळाच प्रकार. वारा बर्फ उडवून नेतो, कोरड्या हवेत तो न वितळताच विरतो, म्हणून इथे उघडे दगड तर चार पावलांवर मांडीभर बर्फ.

कोरडेपणा बर्फातही सोडत नाही. श्वासागणिक पाणी जातं आणि थंडीत तहान जाणवत नाही. वाटेत पाणी नाही, बर्फ वितळवायला इंधन खर्ची पडतं. बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, बूच खाली असलं की मोकळं राहतं.

माथ्याजवळ ब्रिसलकोन पाइनची झाडं लागतात. त्यांच्यापाशी मी हटकून थांबते. बरंचसं खोड मेलेलं, वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेलं; कडेला सालीची एक अरुंद पट्टी जिवंत, आणि तिच्या जोरावर वर हिरवी फांदी. या झाडांना उन्हाळ्यात पुरणारी ओल मुख्यतः या बर्फाचीच.

तुम्ही जावं का? बर्फात घसरताना आइस ॲक्सने स्वतःला थांबवण्याचा सराव नसेल, तर हिवाळ्यात नको. त्याऐवजी भट्ट्यांपासूनच सुरू होणारं २,७६३ मीटरचं वाइल्डरोझ पीक बघा. बर्फ तिथेही असू शकतो, म्हणून निघण्याआधी रेंजरना वाटेची स्थिती विचारा. दरी तिथूनही थेट मिठापर्यंत दिसते.