डेलियाचा पावसाळा : फेब्रुवारी ते नोव्हेंबर

22 फेब्रुवारी

आजपासून बाराही कुंड्यांचं पाणी तोडलं. केन्या यलो या पिवळ्या वाणावर एक शेवटचं फूल आहे, पण त्याचा मधला डोळा उघडा पडलाय आणि पानांना लाल कोळी लागलाय. दुपारी गच्चीवर ऊन टोचायला लागलं की आपल्याकडे पुण्यात डेलियाचा हंगाम संपला. मग एखादी कळी शिल्लक असली तरी तिच्यासाठी झाडाला राबवू नये. झाडाच्या अंगात जे काही उरलंय ते खाली कंदात उतरू द्यावं.

यंदा मला फुलांपेक्षा कंदांचीच काळजी जास्त आहे. गेल्या वर्षी चौदा गड्डे, म्हणजे एकेका झाडाचे कंदांचे झुबके, काढले होते. इंग्लंड-अमेरिकेतल्या बागवाल्यांचे व्हिडिओ पाहून ते स्वच्छ धुतले, सुकवले आणि लाकडाच्या कोरड्या भुशात ठेवले. मेपर्यंत त्यांची हळकुंडं झाली. त्यातून जे तगले त्यांतले बरेच जुलैत सडले. ऑक्टोबरला हातात फक्त दोन उरले. पुन्हा नर्सरीतून कटिंगची रोपं आणली, तर पांढरा म्हणून दिलेल्या तीन रोपांना डिसेंबरात गुलाबी फुलं आली. ज्याला वाण सांभाळायचे आहेत त्याने दर वर्षी असा नव्याने डाव कुठवर मांडायचा? बियांपासून करावं तर बागेतल्या डेलियात गुणसूत्रांचे आठ संच असतात, एकूण 64. बी रुजतं, पण मूल आईसारखं होत नाही. वाण तसाच हवा असेल तर कंद नाहीतर कटिंग.

तिकडची सगळी खटपट थंडीपासून वाचवण्याची आहे. माझी ताई टोरोंटोला असते. ऑक्टोबरात पहिलं कडक दंव पडलं की तिच्या डेलियाची पानं एका रात्रीत काळी पडतात. ती कंद उकरून तळघरात ठेवते आणि मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीनंतरच परत जमिनीत लावते. कंद गोठू नये एवढी एकच भीती तिला. आपल्याला एप्रिल-मेमध्ये कंद सुकण्याची भीती आणि जून ते सप्टेंबर तोच सडण्याची. गेल्या वर्षी माझं चुकलं ते इथेच. दोन्ही ऋतूंना मी एकच पद्धत वापरली.

12 मार्च

वरची झाडं वाळली. खोड चार बोटं ठेवून छाटलं आणि सात कुंड्या उपड्या केल्या. उरलेल्या पाचांना हात लावला नाही, त्या तशाच मातीसकट ठेवणार आहे.

नाशिकच्या मावशीकडून आलेला जांभळा पॉम्पॉन, म्हणजे छोट्या चेंडूसारख्या फुलांचा डेलिया, सगळ्यात आधी काढला. कुंडीला बाहेरून थापट्या मारून गोळा हातावर घेतला आणि बोटांनीच माती झाडली, पाण्याची धार लावली नाही. आत अंगठ्याएवढे सहा कंद, खोडाभोवती रताळ्यांसारखे लोंबत होते. नव्याने करणाऱ्यांसाठी इथे थोडं थांबते, कारण याच टप्प्यावर मीही बरेच कंद वाया घालवलेत. बटाट्याला अंगभर डोळे असतात. डेलियाच्या कंदाला अंगावर एकही नसतो. सगळे डोळे वर, जुन्या खोडाच्या बुडाशी, कंदाची मान जिथे खोडाला मिळते त्या बोटभर भागावर. त्यामुळे मान मोडलेला कंद कितीही टपोरा असला तरी त्यातून कोंब येणार नाही. मुळं येतील, महिनोन्‌महिने ताजा दिसेल, पण झाड होणार नाही. गड्डा उचलताना खोडाला धरून लोंबकळवू नका, खालून ओंजळीत धरा. आणि आत्ताच सुटे करण्याची घाई नको. आपल्या उन्हाळ्यात प्रत्येक कापातून पाणी निघून जातं.

आता दिव्याचा प्रयोग. डिसेंबरात पुण्याचा दिवस सुमारे 11 तासांचा असतो. दिवस बारा तासांच्या आत आला की डेलिया कंद भरायला घेतो, आणि फुलांत पाकळ्यांचे थर कमी पडून मधला डोळा लवकर दिसतो. म्हणून एका केन्या व्हाइटवर आणि एका केन्या यलोवर नोव्हेंबरपासून संध्याकाळी तीन तास एलईडीचा दिवा लावला होता. फुलं उशिरा आली, पण काय भरगच्च आली! आज त्यातल्या पांढऱ्याची कुंडी उपडी केली तर आत मुळांचा नुसता झुपका आणि करंगळीहून बारीक तीन-चार कंद. जास्तीच्या उजेडाने फूल दिलं, पण कंद भरायचा वेळ झाडाकडून काढून घेतला. दिव्याखालची कुंडी प्रदर्शनाला न्यायची असेल तर ठीक, वाण राखायला तिच्यावर विसंबू नये.

सातांपैकी पाच गड्डे माठात आणि दोन फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात.

माठाची रचना अशी. मोठ्या मातीच्या कुंडीत जुना पाझरणारा माठ, दोन्हींच्या मधल्या जागेत वाळू, ती वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. माठात हाताला जेमतेम गार लागेल इतपत ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि त्यात गड्डे, तोंडावर गोणपाट. भारतीय कृषी संशोधन संस्थेने भाजीपाला टिकवायला विटा आणि ओल्या वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष काढला, त्याचंच हे घरगुती रूप. माठाच्या पाण्याची सवय असलेल्या आपल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

3 मे

दुपारी दोन वाजता गच्चीच्या सावलीत 39 अंश, माठात 29. हा फरक बघून मला फार बरं वाटलं. माठातले चार गड्डे टणक आहेत. पाचवा, दिव्याखालचा पांढरा, सुरकुतून दोरीसारखा झालाय.

न उकरलेल्या पाच कुंड्या जिन्याखाली, पत्र्याच्या आडोशाला आडव्या ठेवल्यात. दर पंधरा दिवसांनी उभ्या करून कडेने फुलपात्रभर पाणी आणि परत आडव्या. कंद जागा व्हावा इतकं पाणी द्यायचं नाही, मातीला तडे जाणार नाहीत एवढंच द्यायचं. वरची माती उकरून एका कंदाला नख लावून पाहिलं, सालीखाली ओलसर पांढरा गर होता.

26 जून

पाऊस लागला आणि मी सगळ्यात महत्त्वाचं काम केलं: माठ बंद. हवाच दमट झाल्यावर ओल्या वाळूतून गारवा येत नाही, उरते ती नुसती ओल. चारही गड्डे बाहेर काढून एक दिवस पंख्याखाली ठेवले, मऊ टोकं कापून कापांना कोळशाची पूड लावली आणि पूर्ण कोरड्या जाड वाळूत, उघड्या क्रेटमध्ये, घरात माळ्यावर ठेवले. जिन्याखालच्या कुंड्यांचं फुलपात्रही आजपासून बंद.

दोन कुंड्यांत मात्र कोंब दिसतायत. यात झाडाची चूक नाही. डेलिया मूळचा मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातला. मेक्सिकोचं ते राष्ट्रीय फूल आहे. तिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा जातो, म्हणजे मायदेशी तो पावसावर उठतो आणि कोरड्या थंडीत झोपतो. 1789 साली मेक्सिकोतून तो माद्रिदच्या राजोद्यानात गेला, तिथे वनस्पतिशास्त्रज्ञ कावानिलेस यांनी 1791 मध्ये स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ अँडर्स डाल यांच्यावरून त्याला नाव दिलं, आणि युरोपने त्याला तळघरात झोपायला शिकवलं. पुण्यात आपण त्याला ऐन पावसात झोपवू बघतो. तो जूनमध्ये डोळे उघडणारच. त्याच्या घरचा गार डोंगरउतार, जिथे पाणी थांबत नाही, तो मात्र आपल्या कुंडीत नसतो.

त्या दोन कोंबवाल्या कुंड्या दाबून न ठेवता पत्र्याखाली उजेडाच्या बाजूला उभ्या केल्या. त्या जिवंत आईरोपं म्हणून सांभाळणार. कंद दगावले तरी कटिंग घ्यायला हिरवं झाड हाताशी राहील.

19 जुलै

माळ्यावर नाकाला वास आला. आंबूस, भिजल्या धान्यासारखा. क्रेट उकरला तर एक केन्या यलो बुडापासून मऊ, दाबलं की पाणी. शेजारच्या गड्ड्यालाही एक डाग. सडका टाकून दिला, डागाचा भाग पांढरा गर लागेपर्यंत कापला, वाळू बदलली. तेव्हापासून दर रविवारी प्रत्येक गड्ड्याला हात लावतेय. डोळ्यांना कळायच्या आधी बोटांना कळतं.

15 ऑगस्ट

फ्रिजमधल्या दोनांपैकी एकावर राखाडी बुरशी, तो गेला. दुसरा बाहेरून निर्जीव दिसतोय पण टणक आहे. जिन्याखालच्या पाचांपैकी दिव्याखालची पिवळी कुंडी उकरली, कंदांची नुसती सालं उरलीयत.

हिशेब असा: कुंडीतच ठेवलेले 5 पैकी 4, माठातले 5 पैकी 3, फ्रिजमधले 2 पैकी 1. बारातले आठ! दिव्याखालचा पिवळा सोडला तर कुंडीत ठेवलेला एकही गेला नाही, आणि त्याला मेहनतही सगळ्यात कमी लागली. पुढच्या वर्षी उकरणं बंद. लहान कुंडीत कटिंगपासून वाढलेल्या झाडाचे कंद आटोपशीर असतात, मानही जाड असते, त्यांना त्यांच्या घरातून हलवायचं कारणच नाही.

आज झोपेतले सहाही गड्डे उठवायला घेतले. पसरट ट्रेमध्ये अर्धी वाळू, अर्धं कोकोपीट. कंद झाकले, खोडाचं बूड उघडं ठेवलं. वाफसा राहील इतकंच पाणी.

16 सप्टेंबर

पहिल्या कटिंग. याची मी फेब्रुवारीपासून वाट पाहत होते.

कोंब तीन इंचांचा आणि पानांच्या तीन जोड्यांचा झाला की तो घ्यायचा. अगदी मुळाशी कापायचा नाही. सगळ्यात खालची जोडी कंदावरच राहू द्यायची आणि तिच्या थोडं वर काप घ्यायचा. त्या जोडीच्या बेचक्यांतून पंधरवड्यात दोन नवे कोंब येतात, असं एका कंदातून पाच-सहा रोपं सहज निघतात. मग कटिंग हातात घेऊन तिच्या खालच्या पेराच्या लगेच खाली दुसरा, स्वच्छ काप. इथे देठाचं तोंड नीट बघा. भरीव असेल तर लावा. आत पोकळी दिसली तर ती रुजण्याआधी सडते, मन मोठं करून टाकून द्या. खालची पानं काढायची, मोठी पानं अर्धी कापायची.

जाड, धुतलेली वाळू, छोट्या पिशव्या, सावलीत. वर प्लास्टिक झाकलं नाही, कारण सप्टेंबरची हवा मुळातच ओली असते. ब्लेड प्रत्येक गड्ड्यानंतर स्पिरिटने पुसलं. एका केन्या व्हाइटच्या पानांवर शिरांलगत पिवळट पट्टे आणि मुरडलेपणा दिसला. तो मोझॅक विषाणू असावा असं वाटून, मनावर दगड ठेवून तो गड्डा टाकला. मावा हा रोग झाडावरून झाडावर नेतो आणि रोगी आईच्या कटिंगमधून तो पुढच्या पिढीत जातो. त्याला औषध नाही. एका गड्ड्याच्या मोहापायी सगळी गच्ची धोक्यात घालायला मी तयार नाही.

आजपासून पुढचे दहा-बारा दिवस मिळून एकूण 31 कटिंग लावणार. त्यातल्या नऊ पावसाळाभर वाढलेल्या त्या दोन आईरोपांवरच्या.

11 ऑक्टोबर

31 पैकी 22 रुजल्या. आईरोपांवरच्या नवांतल्या चारच. त्यांचे देठ पावसात लांबट आणि पोकळ झाले होते. नुकत्या जागवलेल्या कंदावरचा आखूड, जाड कोंब तो खरा. तरी पुढच्या वर्षी एखादं आईरोप ठेवेनच, विम्यासारखं.

रुजल्याची खूण मुळं उकरून बघायची नाही. शेंड्याची पानं पोपटी होऊन वर बघायला लागतात. बोटाने अलगद ओढलं तर रोप मातीला धरून राहतं. आज सगळी चार इंची कुंड्यांत हलवली: दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग वाळू, मूठभर निंबोळी पेंड.

संध्याकाळी ताईचा व्हिडिओ कॉल. ती अंगात जाड जाकीट घालून काळ्या पडलेल्या झाडांखालचे कंद उकरत होती, मी घामाघूम होऊन रोपांना काठ्या लावत होते. तिने कॅमेऱ्यासमोर एक गड्डा धरला आणि विचारलं, "अगं, यात डोळा कुठाय?" मी म्हटलं, "ताई, आत्ता दिसणार नाही. मान सांभाळ फक्त."

9 नोव्हेंबर

रोपं आठ इंची कुंड्यांत गेली. बारा इंचीत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जानेवारीअखेर असतं. शेंडा खुडल्यापासून मोठं फूल यायला माझ्या गच्चीवर दहा-अकरा आठवडे लागतात, म्हणून खुडणी याच आठवड्यात झाली पाहिजे. पानांच्या चार जोड्या पूर्ण झाल्या की मधला शेंडा नखाने खुडायचा. मोठ्या फुलांच्या वाणांना पुढे तीन फांद्या ठेवून बाकीच्या काढायच्या, आणि प्रत्येक टोकाला येणाऱ्या तीन कळ्यांतली मधलीच राखायची. पॉम्पॉनला हे काही करायचं नाही, तो आपणहून भरतो.

दिवा यंदा लावतेय, पण दोनच कुंड्यांवर, आणि त्यांना लाल दोरा बांधलाय. फेब्रुवारीत त्यांचे कंद ठेवायचे नाहीत. बाकीच्यांच्या कुंडीवर पेन्सिलने वाण आणि लावल्याची तारीख लिहिली. उन्हात मार्करची शाई उडते, पेन्सिल राहते.

काल चौदा रोपांचे शेंडे खुडले. मावशीच्या जांभळ्या पॉम्पॉनची पाच रोपं झालीत, त्यातलं एक तिला परत नाशिकला पाठवायचं आहे.