तीन ग्रामपंचायतींत एक ऑपरेटर

2016 च्या ऑगस्टमध्ये आपले सरकार सेवा केंद्रांचा, म्हणजे ग्रामपंचायतीचे दाखले आणि नोंदी संगणकावर करणाऱ्या केंद्रांचा, शासन निर्णय आला तेव्हा ग्रामसेवक म्हणून माझ्याकडे एका गावाचा मूळ आणि दोन गावांचा अतिरिक्त कारभार होता. तिन्ही ग्रामपंचायती तोकड्या उत्पन्नाच्या. एका केंद्रामागे महिन्याला 12,331 रुपये भरायचे, तेही चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीतून. एकेकटीला हे झेपणारं नव्हतं, म्हणून तिघींत मिळून एक केंद्र ठरलं.

पहिला वाद जागेचा. प्रत्येक सरपंचाला केंद्र आपल्याच गावात हवं. "भाऊसाहेब, आमच्या म्हाताऱ्यांनी वीस रुपयांच्या दाखल्यासाठी परगावी जायचं का?" हा सवाल रास्तच होता. शेवटी ज्या गावात मोबाईलला बऱ्यापैकी रेंज होती तिथे संगणक बसला आणि ऑपरेटरने उरलेल्या दोन गावांत ठरलेल्या वारी जायचं, असा मासिक सभांमध्ये ठराव झाला. ठराव तिन्ही ग्रामपंचायतींत शब्दशः सारखा लिहून घेतला. पुढे पैशाची वाटणी निघाली तेव्हा तोच कामी आला.

खरा घाम फोडला तो नमुना 8 ने. कर आकारणीचं ते जुनं रजिस्टर उघडलं की मालकाच्या रकान्यात वारलेल्या आजोबांचं नाव, भोगवटादाराच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे', क्षेत्रफळ कुठे फुटांत, कुठे नुसतं 'घर व पडवी'. माणसाला हे कळतं, सॉफ्टवेअरला नाही. त्यात घरपट्टी नुकतीच भांडवली मूल्यावर, म्हणजे घर-जागेच्या किमतीवर, गेलेली, म्हणजे बांधकामाचा प्रकार आणि वय दोन्ही हवं. ऑपरेटर मुलगी हुशार होती, पण तिने टाइप काय करायचं? मग शिपाई टेप धरून पुढे, मी वही घेऊन मागे, अशी घरोघर मापं घेतली. हे काम कुठलंही केंद्र आपल्यासाठी करत नाही, ते आधी उरकलेलं बरं.

फायदा झाला, नाही असं नाही. घरपट्टीची मागणी बिलं वेळेत निघू लागली, लेखासंहितेच्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या हिशेबाच्या नियमांतल्या, 33 नमुन्यांपैकी बरेचसे हाताने खरडायचे वाचले, ऑडिटला उलटतपासणी सोपी झाली. पण जबाबदारी तसूभर हलली नाही. नोंद चुकली तर नोटीस ग्रामसेवकालाच. आणि जिच्यावर तिन्ही गावांचं काम चालायचं तिच्या हातावर पडायचे महिन्याला सहा हजार, तेही थकायचे. ती आठवडाभर आली नाही की तिन्ही कार्यालयांत दाखले ठप्प. एकाच ठिकाणी सगळं आणण्याची ही बाजू शासन निर्णयात कुठे दिसत नाही.

ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे इतिवृत्ताची वही, मात्र एकाही सरपंचाने केंद्रात जाऊ दिलं नाही. मीही आग्रह धरला नाही. ते ज्या त्या गावातच लिहिलं गेलेलं बरं.